मुदतीची आग, बिनमुदतीची आग: गोव्यातले चार दिवस

पहिला दिवस, ३१ ऑक्टोबर २०२४, गुरुवार: जुने गोवे

नरकचतुर्दशीच्या सकाळी पणजीत उतरलं की नाक्यानाक्यावर नरकासुराचे अवशेष दिसतात. बांबूचा अर्धवट जळका सांगाडा, ओलं गवत, फटाक्यांचा लाल कचरा. नऊ वाजेपर्यंत झाडूवाले ते गोळा करतात आणि असुर संपतो. ख्रिस्ती नरक समजून घ्यायला निघालेल्याने हे दृश्य लक्षात ठेवावं, कारण बहुसंख्य ख्रिस्ती पंथांच्या शिकवणीत तिथली आग जाळते, पण जळणारा संपत नाही. बायबलमधल्या मार्काच्या शुभवर्तमानाच्या ९ व्या अध्यायात ‘त्यांचा किडा मरत नाही आणि आग विझत नाही’ अशा अर्थाचं वचन आहे. ते मुळात यशया संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या शेवटच्या ओळीतून आलेलं.

पणजीहून रायबंदरमार्गे जुने गोवे साधारण दहा किलोमीटर. कदंबची बस गांधी सर्कलला सोडते, तिथून सगळं पायी. बॉम जेझू बॅसिलिका (१५९४ ते १६०५) आधी पाहून घ्यावी. २१ नोव्हेंबरपासून संत फ्रान्सिस झेवियरच्या शवाचं प्रदर्शन असल्याने मंडपाचे खांब, दोऱ्या, ताडपत्र्या सगळीकडे होत्या. ते शव अजून बॅसिलिकेतच, उंच चौथऱ्यावरच्या चांदीच्या पेटीत होतं. चौथऱ्याचं संगमरवरी काम इटलीतल्या तोस्कानीचा ग्रँड ड्यूक कोसिमो तिसरा याने पाठवलेलं, १६९८ सालचं.

नरकाचं चित्र शोधत आलेले बहुतेकजण इथे निराश होतात. वेद्या सोनेरी, त्यांवर संत आणि देवदूत. नरक प्रत्यक्ष पाहायचा तर शेजारी से कॅथेड्रलसमोरच्या मोकळ्या जागेत उभं राहावं लागतं, आणि तिथे आता काहीच नाही. १५६० पासून १८१२ पर्यंत, मधली १७७४ ते १७७८ ही चार वर्षं सोडता, गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे धर्मद्रोह शोधून शिक्षा करणारं चर्चचं न्यायालय, चाललं. त्याचा वाडा इथेच होता, लोक त्याला ‘व्हडलें घर’ म्हणत. १८३० च्या सुमारास तो पाडला. नरक रंगवलेला होता तो भिंतीवर नव्हे, कापडावर. चार्ल्स देलाँ हा फ्रेंच वैद्य इथे कैदेत होता आणि जानेवारी १६७६ मधल्या दोषींच्या मिरवणुकीत त्याला चालवलं गेलं. त्या मिरवणुकीत कुणाच्या अंगावर कोणता झगा होता हे त्याने तपशिलाने लिहून ठेवलं आहे. साध्या दोषींना पिवळा झगा, पुढेमागे तांबडी तिरपी फुली. जाळायच्या माणसाला करडा झगा: त्यावर त्याचाच चेहरा, भोवती ज्वाळा आणि सैतान. डोक्यावर कागदाची उंच टोपी, तिच्यावरही तेच. आणि आधी मृत्युदंड ठरून शेवटी कबुली दिल्यामुळे वाचलेल्याच्या झग्यावरच्या ज्वाळा उलट्या, टोकं खाली.

वर जाणारी ज्वाळा म्हणजे संपलं. खाली वळलेली ज्वाळा म्हणजे वाचला. एका न्यायालयाने एका धर्माची सगळी परलोकविद्या ब्रशच्या दोन फटकाऱ्यांत मांडली होती, आणि त्यासाठी वापरलेला अधिकार त्या धर्माच्या शिकवणीत कुणाही माणसाला नाही. कोण नरकात गेला हे आज किंवा तेव्हाही ठरवता येत नाही. चर्चने हजारो माणसांना संत म्हणून जाहीर केलं, पण अमुक एक माणूस नरकात आहे असं एकदाही अधिकृतपणे जाहीर केलेलं नाही.

संत फ्रान्सिस असिसीच्या चर्चमध्ये जमीन थडग्यांच्या दगडांची आहे. कुलचिन्हं, पोर्तुगीज मजकूर, काही दगडांवर कवटी आणि हाडांची फुली. ती पाहून मुलं ‘नरक’ म्हणतात. ती नुसती मरणाची आठवण आहे, नरकाशी तिचा संबंध नाही. दगडावर ‘आकी झाज’ असं वाचलं की ‘येथे पहुडला आहे’ इतकाच अर्थ.

इथेच एक खूण सांगून ठेवतो, पुढे गावोगाव उपयोगी पडते. चित्रात आगीत माणसं असली तरी लगेच नरक म्हणू नये. त्यांचे हात जोडलेले आहेत का, डोळे वर आहेत का, वरून देवदूत हात देतोय का, मारिया किंवा एखादा संत ढगात आहे का, हे पाहावं. असेल तर ते पुर्गातोर, म्हणजे शुद्धीची जागा. नरकाच्या चित्रात वर पाहणारं कुणी नसतं. तिथे जबडा असतो, शिंगं असतात, साखळ्या असतात आणि दार आतल्या बाजूने उघडत नाही. गोव्यात आगीतली माणसं दिसली की ती बहुधा पहिल्या प्रकारची.

दुसरा दिवस, १ नोव्हेंबर, शुक्रवार: राशोल

मडगावहून सात किलोमीटर. जुन्या मराठी लेखनात रायतूर. जुवारीकाठचं हे सेमिनार, म्हणजे पाद्री घडवणारी शाळा, सतराव्या शतकाच्या सुरुवातीचं. आत पाहायचं असेल तर आधी कळवून परवानगी घ्यावी, कारण तिथे आजही पाद्री घडतात, ते संग्रहालय नाही. ख्रिस्ती कलेचं संग्रहालय १९९४ साली इथेच सुरू झालं होतं, पुढे ते जुन्या गोव्यातल्या सांता मोनिका मठात गेलं. रिकाम्या शोकेसच्या शोधात कुणी येऊ नये.

मराठी वाचकाने राशोलला यायचं कारण वेगळं. १६१६ साली क्रिस्तपुराण इथे छापलं गेलं. थॉमस स्टीफन्स हा जेझुइट संघाचा इंग्रज पाद्री १५७९ मध्ये गोव्यात आला आणि त्याने बायबलची कथा दहा हजारांहून जास्त ओव्यांत, मराठीत लिहिली. अडचण अशी की नवा धर्म सांगायला जुनेच शब्द हाताशी होते. स्वर्गाला त्याने ‘वैकुंठ’ घेतलं. कोंकणी ख्रिस्ती माणूस आजही नरकाला ‘यमकोंड’ म्हणतो. यम तिथून हलला, कोंड तेवढं राहिलं.

आणि गोंधळ इथूनच सुरू होतो. आपल्या पुराणांतला नरक मुदतीचा. पापाचं फळ भोगून संपलं की जीव पुन्हा जन्माला येतो. यमाच्या दरबारात चोपडी असते, हिशेब असतो, आणि हिशेब पुरा होतो. ख्रिस्ती नरकाला ही मुदत नाही. म्हणून ‘नरक’ हा शब्द ऐकून मराठी हिंदू वाचकाच्या डोळ्यांसमोर जे येतं, त्याच्या सगळ्यात जवळचं ख्रिस्ती ठिकाण नरक नव्हे, पुर्गातोर आहे: यातना आहे, कारण आहे, शेवट आहे, आणि मागे राहिलेल्यांनी काही केलं तर ते पोचतं. शब्द आणि वस्तू यांची अदलाबदल झालेली आहे, हे एकदा ध्यानात आलं की निम्मे प्रश्न सुटतात.

बायबलमध्ये तरी शब्द एकच आहे का? नाही. हिब्रूत ‘शिओल’, ग्रीकमध्ये ‘हेडीस’: मेलेल्यांचं सामायिक ठिकाण. मराठी बायबल त्यांना ‘अधोलोक’ म्हणतं, आणि ते बरं करतं. शिक्षेची जागा म्हणजे ‘गेहेन्ना’, नव्या करारात १२ वेळा, त्यातला याकोबाच्या पत्रातला एक सोडला तर बाकी सगळे येशूच्या तोंडी. ‘तार्तारस’ची फक्त एक आठवण, पेत्राच्या दुसऱ्या पत्रात. गेहेन्ना हे खरं ठिकाण: यरुशलेमच्या दक्षिणेची हिन्नोमची दरी. तिथे मुलांना अग्नीत अर्पण करत, म्हणून योशिया राजाने ती जागा भ्रष्ट केली, असं राजांच्या दुसऱ्या पुस्तकात आहे. ‘तिथे गावाचा कचरा सतत जळत असे’ हे मात्र जवळपास प्रत्येक प्रवचनात ऐकायला मिळतं. त्याचा सर्वांत जुना आधार बाराव्या-तेराव्या शतकातल्या दाविद किम्ही या ज्यू भाष्यकाराचा आहे, येशूच्या काळाचा नाही, आणि उत्खननात तसा पुरावा मिळालेला नाही. पटणारी गोष्ट म्हणून ती टिकली.

याच शब्दांमुळे प्रेषितांच्या मतांगीकारातली, म्हणजे श्रद्धेच्या ठरलेल्या कबुलीतली, एक ओळ अडते. येशू ‘अधोलोकात उतरला’. जुन्या इंग्रजीत तिथे ‘हेल’ आहे, म्हणून प्रश्न येतो: देव नरकात गेला? लॅटिनमध्ये ‘अद इन्फेरोस’, म्हणजे खालच्यांकडे, मेलेल्यांकडे. शिक्षा झालेल्यांना सोडवायला तो गेला नाही, आधी मेलेल्या नीतिमानांना आणायला गेला, असं कॅथलिक शिकवण सांगते. मराठी भाषांतरात हा प्रश्न पडतच नाही.

‘सार्वकालिक’ या विशेषणावर भांडण जुनं आहे. मत्तयाच्या २५ व्या अध्यायाच्या शेवटी एकाच वाक्यात सार्वकालिक शिक्षा आणि सार्वकालिक जीवन आहे, दोन्हीकडे तोच ग्रीक शब्द, ‘आयोनिऑस’. त्या शब्दाचा अर्थ ‘अनंत’ की ‘येणाऱ्या युगाचा’? तिसऱ्या शतकात ओरिजेन या धर्मपंडिताने सुचवलं की शेवटी सगळं देवाकडे परत येईल. पाचव्या शतकात संत ऑगस्टीनने उलट युक्तिवाद केला की शिक्षेला मुदत लावलीत तर त्याच वाक्यातल्या जीवनालाही लावावी लागेल. ओरिजेनच्या नावाशी जोडलेली ती मतं सहाव्या शतकात धिक्कारली गेली. पुढचे टप्पे भराभर: १२१५ ची चर्चची चौथी लॅटरन परिषद शिक्षेला कायमची म्हणते. १३३६ मध्ये पोप बेनेडिक्ट बारावा सांगतो की प्राणघातक पापात मेलेला आत्मा लगेच नरकात जातो, शेवटच्या न्यायाची वाट पाहत नाही. १९९२ चा कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथ नरक आहे, कायमचा आहे असंच म्हणतो, पण मुख्य शिक्षा आग नसून देवापासून कायमची ताटातूट आहे असं सांगतो, आणि देव कुणालाही नरकासाठी आधीच नेमत नाही हेही. जुलै १९९९ मध्ये जॉन पॉल दुसरा यांनी त्याला जागेपेक्षा अवस्था म्हटलं, तेव्हा अनेकांना ‘पोपने नरक रद्द केला’ असं वाटलं. तसं काही झालं नव्हतं.

प्राणघातक पाप सहज होत नाही, हेही नीट पाहावं. तीन अटी एकत्र लागतात: गोष्ट गंभीर असावी, ती गंभीर आहे हे पक्कं ठाऊक असावं, आणि मनापासून होकार असावा. तिन्हींतली एक ढिली पडली तर पाप उरतं, पण ते त्या जातीचं नसतं.

सेमिनारातून खाली उतरताना खाजनाची शेतं लागतात. खाऱ्या पाण्याला अडवणारा बांध, बांधात मानस म्हणजे भरती-ओहोटीची झडप. दंड आणि माफी यांतला फरक समजावायला याहून बरा दाखला नाही. कुणी शेजाऱ्याचा बांध फोडला, खारं पाणी भातात शिरलं. शेजाऱ्याने मोठ्या मनाने माफ केलं. भांडण मिटलं, पण मीठ जमिनीतच आहे, ते निघायला पावसाचं पाणी आणि वेळ लागतो. कॅथलिक शिकवणीत कुमसार, म्हणजे पापनिवेदन, भांडण मिटवतं. उरलेलं मीठ इथे किंवा पुर्गातोरात धुतलं जातं. नरक म्हणजे भांडणच न मिटवता मेलेला माणूस. ज्याने मिठाचा हिशेब नरकात घातला, त्याने दोन्ही चुकीचे समजून घेतले.

तिसरा दिवस, २ नोव्हेंबर, शनिवार: स्मशानात

आज मृत भाविकांचा दिवस. ही प्रथा क्लूनीच्या मठाचा प्रमुख ओदिलो याने साधारण ९९८ मध्ये आपल्या मठांत सुरू केली. गोव्यात तयारी आठवडाभर आधी दिसते. पावसाळ्याचं शेवाळ खरवडायचं, चुना मारायचा, क्रुसावरची अक्षरं काळ्या रंगाने पुन्हा काढायची. बोलीत आत्म्याला अजून पोर्तुगीज ‘आल्म’ आहे, स्मशानाला ‘सिमितेर’, खड्ड्याला ‘फोंड’.

पाहायला जायचं ते संध्याकाळी. अनेक गावांत सिमितेरातच मीस, म्हणजे कॅथलिक उपासनाविधी, होतं, नंतर पाद्री तीर्थ शिंपडत ओळीओळीने फिरतो. झेंडू, शेवंती, अबोली. मेणबत्ती नुसती दगडावर उभी केली तर वारा पाडतो. जाणकार बाया आधी वाळूची छोटी ढेकळं करतात, त्यात बुडखा खोचतात, आणि वाऱ्याच्या बाजूला फुलांची आडोशी भिंत रचतात. पातळ मेणबत्त्या अर्ध्या तासात वाकतात, म्हणून एका फोंडावर एकावेळी दोनच लावतात आणि बाकीच्या पिशवीत राहतात. पाहुण्याने फोंडांवरून चालू नये, मधल्या वाटेनेच जावं. कुटुंबं प्रार्थनेत असताना फोटो घेऊ नये, आणि कुमगाराच्या, म्हणजे मिसातल्या पवित्र भाकरीच्या, रांगेत उभं राहू नये, ते बाप्तिस्मा झालेल्या कॅथलिकांसाठी आहे.

तिथे चाललेलं सगळं एकाच समजुतीवर उभं आहे: मेलेला नरकात नाही, वाटेवर आहे. नरकातल्यासाठी प्रार्थना चालत नाही, स्वर्गातल्याला तिची गरज नाही. उरतो तो मधला. पण कोण कुठे आहे हे कुणालाच ठाऊक नसल्याने प्रत्येकासाठी करतात. बायबलचा आधार मक्काबींच्या दुसऱ्या पुस्तकातला, १२ वा अध्याय. प्रोटेस्टंट बायबलमध्ये हे पुस्तक नाही, आणि दोन्हीकडच्या वादाचं अर्धं मूळ त्यात आहे. कॅथलिक चर्चच्या ट्रेंट परिषदेने १५६३ मध्ये पुर्गातोर आहे हे पुन्हा सांगितलं, पण त्यावर कुतूहल आणि पैसा वाढवणारी भाषणं करू नका असंही बजावलं. दंडमाफी, म्हणजे माफ झालेल्या पापाच्या उरलेल्या दंडातून सूट, विकण्यावरून मार्टिन ल्यूथरने १५१७ मध्ये जे वादळ उठवलं, त्यानंतरची ही भाषा.

दंडमाफी आजही आहे, विक्री नाही. १ ते ८ नोव्हेंबर या दिवसांत स्मशानात जाऊन मेलेल्यांसाठी, मनातल्या मनात का होईना, प्रार्थना केली तर ती पूर्ण स्वरूपात फक्त पुर्गातोरातल्या आत्म्यांना लावता येते. २ तारखेला चर्चला भेट देऊन ‘आमच्या बापा’ आणि मतांगीकार म्हटला तरी मिळते. अटी चार: कुमसार, कुमगार, पोपच्या हेतूंसाठी प्रार्थना, आणि लहानसहान पापाचीही ओढ नसणं. कुठे बिघडतं? पहिलं, एका दिवसात दोन मिळवू पाहणारे: पूर्ण दंडमाफी दिवसाला एकच. दुसरं, दर वेळी नव्याने कुमसार हवंच असं समजणारे: एक कुमसार अनेक दिवसांना पुरतं, साधारण वीस दिवस आधी-मागे चालतं, पण कुमगार आणि पोपसाठीची प्रार्थना मात्र प्रत्येक वेळी वेगळी लागते. तिसरं, आजारी आईसाठी घेऊ पाहणारे: ती दुसऱ्या जिवंत माणसाला लावता येत नाही, स्वतःला किंवा मेलेल्यालाच. आणि चौथी अट सगळ्यांत अवघड, म्हणून बहुतेकांची पूर्ण माफी प्रत्यक्षात अंशतःच ठरते. फुकट जात नाही, कमी होते. हे नियम रेशनकार्डाच्या रांगेसारखे वाटतात, आणि टीकाकारांना ते तसेच वाटले. तरी नियम पाहिला की एवढं दिसतं: मेणबत्तीपेक्षा मनाच्या ओढीला जास्त वजन दिलं आहे.

आजच्या दिवशी पाद्र्याला तीन मिसा करता येतात, १९१५ पासून. एक सांगितलेल्या हेतूने, दुसरी सर्व मृतांसाठी, तिसरी पोपच्या हेतूने. देणगी फक्त एकीची ठेवता येते. याशिवाय ‘ग्रेगोरियन’ मिसा असतात: एका मृतासाठी तीस दिवस, ओळीने. तीसही एकाच पाद्र्याने कराव्या असं नाही. मधे आजारपणाने किंवा अचानक आलेल्या अंत्यविधीने खंड पडला तर त्याचं फळ जात नाही, पण उरलेल्या मिसा लवकर पुऱ्या कराव्या लागतात. एका मालिकेत दोन नावं घालता येत नाहीत, हे नोंदवहीवर बसलेल्याला दरवर्षी कुणाला ना कुणाला सांगावं लागतं. मरणानंतर सातव्या दिवसाचं मीस आणि महिन्याचं मीस हे मात्र सर्वसाधारण. लग्नाच्या आधी होणारं ‘भिकाऱ्यांचं जेवण’सुद्धा याच धाग्यातलं: घरातल्या मेलेल्यांच्या नावे गरिबांना जेवू घालायचं, मग मांडव. आपल्याकडच्या पितरांच्या पानाची आठवण येणार, ती येऊ द्यावी, फक्त दोन्ही एकच असं लिहू नये.

भिंतीलगतचा एक कोपरा पाहण्यासारखा असतो. पूर्वी आत्महत्या केलेल्यांना पवित्र जमीन नाकारत, चर्चच्या १९१७ च्या कायद्यात ते स्पष्ट होतं. १९८३ च्या कायद्यात ती ओळ नाही. मनाचा तोल गेलेल्या माणसाचा ‘पक्का होकार’ कुठून आणायचा, हा विचार त्यामागे आहे: तीन अटींतली तिसरी. बाप्तिस्म्याआधी गेलेली बाळंही पूर्वी वेगळी पुरत, आणि लिंबो नावाची कल्पना त्यांच्यासाठी होती, दुःख नाही आणि देवदर्शनही नाही. २००७ मध्ये व्हॅटिकनच्या धर्मपंडितांच्या आयोगाने या बाळांच्या तारणाची आशा धरायला ठोस कारणं आहेत असं म्हटलं. लिंबो कधीच श्रद्धेचा सिद्धांत नव्हता.

सात वाजता वारा पडला. सगळ्या ज्योती सरळ उभ्या राहिल्या.

चौथा दिवस, ३ नोव्हेंबर, रविवार: हणजूण

म्हापशाहून आठ किलोमीटर. किनाऱ्यावरच्या पार्ट्यांसाठी सगळे येतात, पण हणजूणचं चर्च संत मिखायेलचं आहे, सोळाव्या शतकाच्या शेवटी स्थापलेलं. मिखायेल म्हणजे प्रकटीकरणाच्या १२ व्या अध्यायात सैतानाला खाली टाकणारा देवदूत. त्याच्या मूर्तींत साधारणपणे भाला किंवा तलवार, पायाखाली सैतान, कधी हातात तराजू. तराजू बायबलमध्ये त्याच्या हातात नाही, तो नंतरच्या चित्रकारांनी दिला, आणि आपल्याला चित्रगुप्ताची वही आठवायला तो पुरतो. पण तराजूने माणसाचं पुण्य-पाप तोलून नरक ठरतो, ही समजूत शिकवणीत बसत नाही. प्रश्न वजनाचा नसून शेवटच्या क्षणी माणूस कुणीकडे तोंड करून आहे याचा आहे. ‘सार्वकालिक अग्नी’ मत्तयाच्या २५ व्या अध्यायात सैतान आणि त्याच्या दूतांसाठी तयार केलेला आहे, माणसांसाठी नव्हे. माणूस तिथे गेला तर पाहुणा म्हणून जातो.

रविवारच्या मिसाला कोंकणी आणि इंग्रजी दोन्ही कानावर पडतं. संध्याकाळी घरोघरी ‘तेर्स’ म्हणतात, जपमाळेच्या पाच दहाव्या, म्हणजे दहा-दहा मण्यांच्या फेऱ्या. प्रत्येक दहावीनंतर फातिमा गावातून आलेली छोटी प्रार्थना: आम्हाला नरकाच्या आगीपासून वाचव. १९१७ च्या जुलैमध्ये पोर्तुगालमधल्या या गावच्या तीन मुलांनी नरक पाहिल्याचं सांगितलं, त्यानंतरची ही भर. म्हणजे गोव्यातल्या कॅथलिक घरात नरकाचं नाव रोज पाच वेळा निघतं, आणि तेवढ्यावर बहुधा थांबतं.

बाकीच्या पंथांचं थोडक्यात. ल्यूथर आणि काल्विन यांच्या परंपरेने पुर्गातोर काढला, नरक ठेवला, म्हणून प्रोटेस्टंट अंत्यविधीत मृतासाठी प्रार्थना न होता मागे राहिलेल्यांसाठी होते. ऑर्थोडॉक्स मृतांसाठी प्रार्थना करतात, पण पुर्गातोर मानत नाहीत. पुण्यातलं स्पायसर विद्यापीठ ज्यांचं, ते सेव्हन्थ-डे ॲडव्हेंटिस्ट मात्र वेगळे: मेलेला पुनरुत्थानापर्यंत झोपलेला, आणि शेवटी दुष्ट कायमचे नष्ट. छळ सतत चालत नाही, परिणाम कायम राहतो. तीन दिवसांपूर्वी पणजीच्या नाक्यावर जो सांगाडा पाहिला, त्याच्या सगळ्यात जवळ ही मंडळी.

परतीची बस म्हापशाहून. हणजूणहून साडेतीनच्या आत निघावं, रविवारी किनाऱ्याची गर्दी त्याच अरुंद रस्त्यावर उतरते.